रानवाटेवरील रुग्णसेवा

पालघर जिल्ह्याच्या पूर्वेकडील डोंगराळ भागात मोखाडा तालुका वसलेला आहे. या तालुक्यात खोडाळा नावाचे गाव आहे. मध्य रेल्वेच्या कसारा स्थानकाकडून निघालेला एक रस्ता विहिगावावरून डोंगरांना वळसे घालीत खोडाळ्यास येतो. पावसाळ्यात हा प्रदेश फार रमणीय दिसतो. उतारांवर नाचणी आणि वरई यांची हिरवीगार शेते डोलू लागतात, कड्यांवरून धबधबे कोसळतात आणि सूर्यमाळचा माथा ढगांत बुडून जातो. प्रवाशाला हे दृश्य मोहक वाटते. परंतु त्याच दिवसांत एखाद्या पाड्यावर कोणी आजारी पडले, तर हेच ढग, हेच ओढे आणि हेच उतार त्या घराचे वैरी होतात.

या भागात वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी इत्यादी आदिवासी समाजांची वस्ती आहे. गाव म्हणजे एकाला एक लागून असलेल्या घरांची रांग नव्हे. एकेक गाव अनेक पाड्यांत विखुरलेले असते. कोणता पाडा टेकडीच्या माथ्यावर, कोणता ओढ्यापलीकडे, तर कोणता जंगलाच्या कडेला असतो. काही पाड्यांपर्यंत आजही मोटार पोहोचत नाही. तेथून रुग्णाला हलवावयाचे, तर बांबूला झोळी बांधून चार माणसांच्या खांद्यांवरून त्याला सडकेपर्यंत आणावे लागते. खोडाळ्यास प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, मोखाड्यास ग्रामीण रुग्णालय आहे आणि जव्हारला पतंगशाह कुटीर रुग्णालय आहे. दुखणे याहूनही गंभीर असेल, तर नाशिकची वाट धरावी लागते. २०१४ सालापासून महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावण्याची सोय झाली आहे. परंतु रुग्णवाहिका सडकेवर येते. सडकेपर्यंतची पाऊलवाट मात्र माणसालाच तुडवावी लागते.

वैद्यकाच्या ग्रंथांत नाना रोगांची नावे सापडतात. ‘अंतर’ हे नाव त्यांत नसते. तथापि डोंगरदऱ्यांत अंतर हाच पुष्कळदा रोगापेक्षा भयंकर शत्रू ठरतो. शहरात जो ज्वर दोन दिवसांच्या औषधाने उतरतो, तोच ज्वर येथे औषध वेळेवर न मिळाल्याने जिवावर बेततो. १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी परिसरात कुपोषण आणि आजार यांमुळे अनेक बालके दगावली, तेव्हा सारा महाराष्ट्र हादरून गेला. अशा प्रदेशात रुग्णाची सेवा करणाऱ्याच्या अंगी कोणते गुण असावे लागतात, याचा विचार करणे उद्बोधक आहे.

पहिला गुण म्हणजे शरीराचा कणखरपणा. डॉक्टर असो, परिचारिका असो किंवा गावातील आशा कार्यकर्ती असो, तिला वा त्याला रोज चढउतार पायी तुडवावे लागतात. पाठीवर औषधांची पिशवी, एका हातात काठी, दुसऱ्या हातात विजेरी, अंगावर पाऊस आणि पायांखाली शेवाळलेला खडक अशी ती वाट असते. हे बळ एका दिवसात येत नाही. त्यासाठी नित्य चालण्याचा सराव लागतो. प्रथम रिकाम्या हाताने, मग थोडे ओझे घेऊन, प्रथम सपाटीवर आणि मग चढावर. अनुभवी माणसे यासाठी एक सोपी कसोटी सांगतात. चढ चढताना सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता आले, तर चाल योग्य समजावी; शब्द तुटू लागले, तर पाय मंद करावेत. ही कसोटी केवळ आरामासाठी नाही. जो स्वतःच धापा टाकीत झोपडीत शिरतो, त्याला दुसऱ्याचे श्वास कसे मोजता येतील? ज्याचे हात थकव्याने कापत आहेत, त्याला तान्ह्या बाळाची नाडी कशी सापडेल? म्हणून रानातील रुग्णसेवकाची चाल हाही त्याच्या विद्येचाच एक भाग होय.

बळाबरोबर सावधपणाही हवा. पुराच्या वेगवान पाण्यात गुडघाभर खोलीसुद्धा धडधाकट माणसाला लोळवू शकते. अशा वेळी पाणी ओसरेपर्यंत थांबणे किंवा लांबच्या वाटेने जाणे यात भित्रेपणा नाही. जो मदतीला निघाला आणि वाटेत स्वतःच वाहून गेला, त्याने एका रुग्णाचे दोन रुग्ण केले. त्याचप्रमाणे सेवकाने आपले खाणे, पाणी आणि झोप यांची हेळसांड करू नये. पायाला जखम असता चिखलपाण्यातून चालल्यास लेप्टोस्पायरोसिससारखा रोग जडू शकतो, म्हणून जखम झाकावी आणि उंच रबरी बूट वापरावेत. रात्री पाड्यावर मुक्काम करताना मच्छरदाणी लावावी.

रुग्णसेवकाची पिशवी हीदेखील विचारपूर्वक भरलेली असते. रुग्णालयात शेकडो औषधे असतात. पाठीवर मात्र मोजकीच नेता येतात. म्हणून प्रत्येक वस्तूला ‘तुझ्यावाचून अडेल काय?’ असा प्रश्न विचारावा लागतो. स्वच्छ कापसाच्या घड्या आणि पट्ट्या, साबण, हातमोजे, तापमापक, सेकंदकाटा असलेले घड्याळ, जलसंजीवनीची पाकिटे, ज्वरावरील गोळ्या, हिवतापाच्या तपासणीचे साहित्य, बाळाचे वजन करण्याचा काटा आणि त्याला गुंडाळण्यासाठी उबदार कापड, एवढ्या वस्तूंनी पुष्कळ काम भागते. हे सारे प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावे लागते. भिजलेली पट्टी काय कामाची? ज्या वस्तूंची गरज आधी पडते, त्या वर ठेवतात, म्हणजे काळोखातही हात नेमका तेथेच जातो.

परंतु पिशवीपेक्षा मोलाची साधने सेवकाच्या देहातच असतात. ती म्हणजे त्याचे डोळे, कान आणि बोटे. मेळघाटातील बैरागड येथे आदिवासींची सेवा करणारे डॉ. रवींद्र कोल्हे यांचे उदाहरण येथे मार्गदर्शक ठरते. तेथे जाण्यापूर्वी त्यांनी एका जाणत्या डॉक्टरांचा सल्ला घेतला. अशा ठिकाणी काम करावयाचे असेल, तर तीन गोष्टी आल्या पाहिजेत, असे त्यांना कळले. सोनोग्राफी आणि रक्त देण्याची सोय नसतानाही बाळंतपण करता आले पाहिजे. क्ष-किरण यंत्रावाचून न्यूमोनिया ओळखता आला पाहिजे. आणि अतिसारावर उपचार करता आले पाहिजेत. ही विद्या शिकून ते धारणीपासून सुमारे ४० किलोमीटर पायी चालत बैरागडला पोहोचत असत. पुढे त्यांच्या पत्नी डॉ. स्मिता कोल्हे याही या कार्यात सहभागी झाल्या. २०१९ साली या दांपत्याला पद्मश्री हा सन्मान मिळाला.

यंत्रावाचून न्यूमोनिया ओळखावयाचा कसा? त्याचे उत्तर घड्याळात आहे. फुप्फुसे रोगाने ग्रासली, की शरीराला प्राणवायू कमी पडतो आणि ती उणीव भरून काढण्यासाठी श्वास जलद चालू लागतात. म्हणून मूल शांत असताना त्याच्या छातीची हालचाल पूर्ण एक मिनिट मोजावी. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंतच्या बाळाचे ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांच्या बालकाचे ४० किंवा अधिक भरले, तर ते धोक्याचे चिन्ह समजावे. श्वास घेताना बरगड्यांखालची छाती आत ओढली जात असेल, तर एक क्षणही न दवडता बाळाला रुग्णालयाकडे न्यावे. रडणाऱ्या बाळाचे श्वास मोजले, तर हिशेब चुकतो. त्यामुळे आईच्या कुशीत ते शांत होईपर्यंत वाट पाहण्याचा धीरही सेवकाजवळ असावा लागतो.

अतिसाराचे तंत्रही असेच आहे. जुलाबांनी शरीरातील पाणी आणि क्षार निघून जातात. डोळे खोल गेले आहेत काय, जीभ कोरडी पडली आहे काय, पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली असता ती लगेच पूर्ववत होते की सावकाश बसते, एवढे पाहिले तरी धोका किती आहे ते समजते. त्यावर जलसंजीवनी हा उत्तम उपाय होय. पाकीट नसेल, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवावे आणि ते घोट-घोट पाजीत राहावे. मीठ अधिक पडता कामा नये. हा उपाय किरकोळ वाटेल. परंतु १९७१ साली पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत, पश्चिम बंगालमधील बनगाव येथे, पटकीची साथ पसरली असता डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच पाण्याच्या बळावर मृत्यूंचे प्रमाण शेकडा ३० च्या आसपास होते, ते शेकडा ४ च्याही खाली आणले. शिरेतून देण्याचे सलाइन संपत आले होते. मग जे हाती होते, त्याचाच त्यांनी आधार घेतला.

कुपोषण ओळखण्यासाठी कागदासारखी एक रंगीत पट्टी पुरते. सहा महिने ते पाच वर्षे या वयाच्या बालकाच्या दंडाभोवती ती गुंडाळतात. दंडाचा घेर ११.५ सेंटीमीटरांहून कमी भरला, तर बालक तीव्र कुपोषित समजले जाते आणि त्याला विशेष उपचारांची गरज असते. मोखाडा आणि जव्हार या तालुक्यांत दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर व अन्यत्र मजुरीसाठी जातात आणि पावसाळ्याच्या सुमारास परत येतात. मुले परतली, की त्यांच्या दंडांची मापे घेणे हे येथील सेवकांचे एक मोठे काम असते.

रानात सर्पदंशाची भीती नेहमीच असते. भारतात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार विषारी साप विशेष घातक आहेत. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मृत्युमुखी पडली असावीत, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडलेला आहे. सर्पदंश झाला असता रुग्णाला धीर द्यावा. दंश झालेला हात किंवा पाय मोडलेल्या हाडाप्रमाणे बांबूची कामटी बांधून स्थिर ठेवावा. अंगठी, जोडवे, कडे काढून घ्यावे आणि त्याला चालू न देता उचलून रुग्णालयात न्यावे. जखम कापणे, विष तोंडाने ओढणे, दोरीने घट्ट आवळणे किंवा मंत्रतंत्रात वेळ घालविणे हे सर्व घातक आहे. त्यावरील खरे औषध म्हणजे घोड्याच्या रक्तापासून तयार केलेले प्रतिविष. ते मुंबईच्या हाफकिन संस्थेतही तयार होत आले आहे. मण्यारीचा दंश तर झोपेत होतो आणि पुष्कळदा दुखतही नाही. पहाटे डोळ्यांच्या पापण्या जड होऊ लागल्या, गिळता येईनासे झाले, की चतुर सेवक सावध होतो. जमिनीवर न झोपता खाटेवर, मच्छरदाणीत झोपणे हा त्यावरील सर्वांत स्वस्त प्रतिबंध आहे.

निरीक्षणाने केवढे कार्य होऊ शकते, याचा आणखी एक दाखला कोकणातच आहे. १९७६ साली डॉ. हिम्मतराव बावस्कर हे महाडजवळील बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करू लागले. त्या भागात लाल विंचवाच्या दंशाने माणसे, विशेषतः मुले, दगावत असत. डॉ. बावस्कर रुग्णाच्या उशाशी बसून त्याचे गार पडलेले हातपाय, घाम, रक्तदाब आणि श्वास यांची तासातासाने नोंद ठेवू लागले. विषामुळे हृदयावर ताण येतो आणि फुप्फुसांत पाणी साचते, हे त्यांच्या ध्यानात आले. १९८२ साली त्यांची निरीक्षणे ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. पुढे त्यांनी प्राझोसिन नावाच्या स्वस्त गोळीचा उपयोग सुरू केला. ज्या दंशाने पूर्वी शेकडा ४० च्या आसपास रुग्ण दगावत, त्याने आता सुमारे एकच दगावू लागला. खेड्यातील एका लहानशा दवाखान्यात सुरू झालेल्या नोंदींनी साऱ्या जगाच्या ज्ञानात भर घातली.

हातांचे कौशल्यही तितकेच आवश्यक आहे. जखमेतून रक्त वाहत असेल, तर स्वच्छ कापडाची घडी तिच्यावर घट्ट दाबून धरावी आणि ती पुन्हा पुन्हा उचलून पाहू नये. हाड मोडले असेल, तर ते ओढून सरळ करण्याच्या भानगडीत न पडता, जसे आहे तसेच कामट्यांच्या आधाराने बांधावे. रुग्णाला झोळीतून नेण्याचीही एक रीत आहे. उचलणारे चौघे सारख्या उंचीचे असावेत. सर्वांनी एकाच इशाऱ्यावर उचलावे आणि एकाच इशाऱ्यावर ठेवावे. पुढच्याने खाचखळग्यांची सूचना मोठ्याने द्यावी. चढावर रुग्णाचे डोके पुढे, तर उतारावर पाय पुढे असावेत. आणि खांदे बदलण्यासाठी आणखी चौघे सोबत असावेत. एकाने मात्र सतत रुग्णाच्या चेहऱ्याकडे व श्वासाकडे लक्ष ठेवावे.

यांहून कठीण गुण म्हणजे निर्णयशक्ती. येथेच थांबून उपचार करावेत, की लगेच निघावे? पाऊस वाढण्यापूर्वी निघावे, की उजाडेपर्यंत थांबावे? या प्रश्नांची उत्तरे ग्रंथात तयार नसतात. म्हणून शहाणा सेवक संकट येण्यापूर्वीच विचार करतो. ज्या स्त्रीचे दिवस भरत आले आहेत, तिला पूर येण्याआधीच रुग्णालयाजवळ आणणे हे तिला काळोखात झोळीतून नेण्यापेक्षा केव्हाही श्रेयस्कर. याच हेतूने आदिवासी भागांतील काही आरोग्य केंद्रांजवळ ‘माहेरघर’ उभारलेली असतात. तेथे गर्भवती स्त्रीला बाळंतपणापूर्वी काही दिवस राहता येते.

निर्णय पटवून देण्यासाठी गोड वाणी लागते. घरातील वडीलधाऱ्यांना त्यांच्या बोलीत समजावून सांगावे लागते. पाड्यावरील वृद्ध सुईणीचा उपहास केल्यास ती दार बंद करते. तिला ‘आजी’ म्हणून विचारले, तर तीच मदतीला पुढे येते. भगताकडे जाण्याची लोकांची सवय एका दिवसात सुटत नाही. ‘भगताकडे गेलात तरी जा, पण आधी रुग्णालयात चला,’ असे सांगणारा सेवक रागावणाऱ्या सेवकापेक्षा अधिक प्राण वाचवितो.

हे सर्व गुण केवळ पदवीधर डॉक्टरांच्याच ठायी असतात असे नाही. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यात गावातल्याच अल्पशिक्षित स्त्रियांना ‘आरोग्यदूत’ म्हणून शिक्षण दिले. नवजात बाळाला ऊब देणे, वजन घेणे, श्वास मोजणे, जंतुसंसर्ग ओळखून त्यावर औषध देणे, हे त्या शिकल्या. या ३९ गावांत नवजात बालकांच्या मृत्यूंचे प्रमाण शेकडा ६२ ने घटले, असे १९९९ साली ‘लॅन्सेट’मधील लेखाने जगापुढे मांडले. २००५ साली देशात राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि गावोगाव ‘आशा’ नेमल्या गेल्या. २०११ पासून नवजात बाळांच्या गृहभेटींचे काम त्यांच्याकडे आले. बाळ जन्मल्यावर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशा त्या घरी जाते. बाळंतपण घरीच झाले असेल, तर पहिल्या दिवशीही जाते. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा गौरव केला. जी स्त्री त्याच पाड्यावर राहते, त्याच ओढ्याचे पाणी ओळखते आणि त्याच बोलीत बोलते, तिच्या हाती विद्या दिली, की अंतर नावाचा शत्रू अर्धा पराभूत होतो.

तथापि सेवकाच्या शौर्यावर सारा भार टाकून समाजाने स्वस्थ बसणे उचित नाही. प्रत्येक पाड्याला पक्की वाट, प्रत्येक ओढ्यावर साकव आणि प्रत्येक आरोग्य केंद्रात पुरेसे औषध असणे हा तेथील माणसांचा हक्क आहे. झोळी वाहणाऱ्या खांद्यांचे कौतुक अवश्य करावे; पण ती झोळी वाहण्याची वेळच येऊ नये, यासाठी झटणे हे अधिक मोठे काम आहे. तोपर्यंत जे शिकता येईल ते प्रत्येकाने शिकावे. मिनिटभर श्वास मोजणे, मीठ-साखरेचे पाणी प्रमाणात करणे, वाहते रक्त दाबून थांबविणे, सर्पदंश झालेला पाय स्थिर बांधणे आणि १०८ हा क्रमांक ध्यानात ठेवणे, या गोष्टी बारा वर्षांच्या मुलामुलींनाही साध्य आहेत. विद्या अशी जवळच्या माणसाच्या हातात असली, म्हणजे दवाखाना डोंगरापलीकडे असला तरी मदत मात्र उंबरठ्यावरच उभी असते.